सिएनाची माती

इटलीला जाऊन आलेलं मराठी कुटुंब ओळखायची एक सोपी खूण आहे. पीसाच्या कलत्या मनोऱ्याला तळहाताने टेकू दिल्याचा फोटो त्यांच्या फॅमिली रूममध्ये असतोच. आमच्याकडेही आहे, १९९४ सालचा. मुलं लहान होती, लिरांचा जमाना होता, आणि एका आइस्क्रीमसाठी हजारांच्या नोटा मोजून देताना उगीचच टाटा-बिर्ला झाल्यासारखं वाटायचं. दहा दिवस, आठ शहरं, सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर आणि दिवसभर गाइडच्या लाल छत्रीमागे पळापळ. इटली ‘केली’ एकदाची! आपण प्रवासाला हे ‘करणं’ कुठून जोडलं कोण जाणे. चारधाम केलं, युरोप केलं, अलास्का केलं. पुरणपोळ्या केल्यासारखं.

या वेळी मे महिन्यात आम्ही दोघं पुन्हा गेलो ते एकवीस दिवसांसाठी आणि एकाच प्रदेशात. तोस्काना, आणि त्याला लागून असलेला उंब्रियाचा एक कोपरा. रोम नाही, व्हेनिस नाही, पीसाला तर वळूनसुद्धा पाहिलं नाही. मंडळाच्या पिकनिकला हे सांगितलं तेव्हा चारजणांनी भुवया उंचावल्या. ‘एवढ्या लांब जाऊन रोम नाही? मग केलंत काय एकवीस दिवस?’ या पानाच्या वाचकांना आमच्या प्रवासातलं बरंवाईट सांगायची सवय जडली आहेच, तेव्हा तेही सांगतो.

आधी कारण. आमच्या दोघांपैकी एकाच्या उजव्या डोळ्याला वयोमानाने येणारा मॅक्युलाचा आजार आहे. कोणाच्या ते विचारू नका. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली की डोळे, गुडघे आणि कोलेस्टेरॉल सगळं जॉइंट अकाउंटमध्येच जमा होतं. मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला, बारीक पाहणारा भाग. तो बिघडला की कडेचं दिसत राहतं, पण नेमकं जिथे पाहावं तिथेच धुरकट होतं, आणि सरळ रेघा वाकड्या दिसू लागतात. याचे प्रकार दोन, कोरडा आणि ओला. कोरडा सावकाश चालतो, ओला घाईत असतो. आमच्या वाट्याचा कोरडा होता तो दोन वर्षांपूर्वी ओला झाला. तेव्हापासून दर काही आठवड्यांनी डोळ्यात इंजेक्शन. ऐकूनच अंगावर काटा येतो ना? आमच्याही आला होता. पण आधी थेंब घालून डोळा बधिर करतात आणि प्रत्यक्ष टोचणं काही सेकंदांचं काम असतं. ती वेळच्या वेळी घेतली तर पुष्कळांची नजर टिकून राहते. चुकवली तर गेलेली परत येईल याचा भरवसा नाही.

तर ही सहल दोन इंजेक्शनांच्या मधल्या आठ आठवड्यांत बसवलेली होती. डॉक्टरीणबाईंना विचारलं, ‘जाऊ ना?’ त्या म्हणाल्या, ‘जरूर जा. जे पाहायचं असेल ते पाहून घ्या.’ त्यांनी सहज म्हटलं असेल. पण त्या दिवशी पार्किंग लॉटमध्ये आम्ही बराच वेळ गाडी सुरू न करता बसलो होतो.

आणि चित्रकलेचे धडे कशाला? तर आमच्यातल्या एकाने शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन्ही ड्रॉइंगच्या परीक्षा दिलेल्या आहेत. इंटरमिजिएटला बी ग्रेड. पुढे जे. जे. स्कूल ऑफ आर्टला जायचं फार मनात होतं, पण ‘चित्रं काढून पोट भरतं का?’ या प्रश्नाला १९७० च्या दशकातल्या पुण्याच्या घरात उत्तर नसे. मग सायन्स, मग इकडे एम.एस., मग नोकरी, मॉर्गेज, मुलांची कॉलेजं. रंगांची पेटी रिटायर झाल्यावर उघडायची असं ठरलेलं होतं. उघडायची वेळ आली तेव्हा डोळा बिघडला, आणि बिघडला तो इंटरमिजिएट पास झालेल्या माणसाचाच. दुसऱ्याला ड्रॉइंगच्या तासाला बाकावर उभं करत असत, पण सोबत म्हणून त्यानेही नाव घातलं.

पहिला आठवडा फ्लोरेन्स. आर्नो नदीच्या पलीकडल्या तीरावर, ओल्त्रार्नो भागात, तिसऱ्या मजल्यावरचं छोटं घर भाड्याने घेतलं. लिफ्ट नाही, पण खाली भाजीवाला आणि समोर बेकरी. नियम एकच केला. दिवसाला एकच ठिकाण, तेही सकाळी. मग जेवण, मग वामकुक्षी. तिथे पुष्कळ दुकानं दुपारी एकच्या सुमाराला बंद होतात ती साडेतीन-चारलाच उघडतात. पुणेकरांना परकं वाटायचं काहीच कारण नाही.

उफ्फिझी गॅलरीची इमारत वाझारीने १५६० मध्ये बांधायला घेतली ती चित्रांसाठी नव्हे, सरकारी कचेऱ्यांसाठी. नावाचा अर्थच मुळी ‘ऑफिसं’! १९९४ साली गाइडबाईंनी आम्हाला ती पन्नास मिनिटांत दाखवली होती. या वेळी दोन तास फक्त बोत्तिचेल्लीच्या दालनात काढले. व्हीनसच्या चित्रापुढे कॅमेरे धरलेल्या हातांची भिंत असते, तिच्यामागून काही दिसत नाही. ‘प्रिमावेरा’पुढे त्या मानाने बरं. तिच्या पायाखालच्या गवतातलं एकेक फूल पाहत राहिलो. डोळा मधे धुरकट असला की फार जवळ जावं लागतं, आणि फार जवळ गेलं की पहारेकरी खाकरतो. मग आमच्यातल्या चांगल्या डोळ्याच्या माणसाने वर्णन करायचं आणि दुसऱ्याने त्या बोटाच्या रोखाने पाहायचं, अशी वाटणी झाली. ‘डाव्या कोपऱ्यात हात वर करून उभा आहे ना, तो काठीने ढग बाजूला सारतोय.’ ‘हो, दिसला.’ खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत एकमेकांना चित्र वाचून दाखवायची वेळ कधी आली नव्हती.

दाविदचा पुतळा तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे, सतरा फूट उंच वगैरे, त्यावर वेळ घालवत नाही. त्याच्याकडे जाणाऱ्या दालनात दोन्ही बाजूंना मायकेलअँजेलोने अर्धवट सोडलेले ‘कैदी’ आहेत, दगडातून खांदा, गुडघा कसाबसा बाहेर काढणारे. लोक त्यांच्यामधून भराभर पुढे जातात. तिथे जरा थांबा.

पण फ्लोरेन्समध्ये एकच जागा पाहायची असेल तर आमचं मत सान मार्कोच्या मठाला. जिना चढून वर गेलं की समोर भिंतीवर फ्रा आंजेलिकोने रंगवलेला मेरी आणि देवदूताचा प्रसंग. मग लांब बोळ, आणि दोन्ही बाजूंना साधूंच्या चाळीसहून अधिक खोल्या. प्रत्येक खोलीत एक छोटी खिडकी आणि भिंतीवर एक चित्र, बाकी काही नाही. १४४० च्या आगेमागे ही चित्रं झाली. त्या खोलीत राहणाऱ्या साधूला जन्मभर तेवढं एकच चित्र. आमच्या घरात बेसमेंट धरून किती चित्रं लटकतात ते आठवून आम्ही गप्प बसलो.

आता पोटोबा. शाकाहाऱ्यांना तोस्काना कठीण, असं आम्हाला बजावून पाठवलं होतं. अर्धंच खरं आहे. ‘मांस नको’ म्हणून सांगितलं तरी सूपमध्ये हॅमचे बारीक तुकडे पोहतात, कारण त्यांच्या हिशेबी ते मांस नव्हेच, ती चव! पण ज्या गावात शिळ्या पावाचे इतके पदार्थ होतात तिथे मराठी माणूस उपाशी राहत नाही. पाव कसला, तर अळणी. तोस्कानाच्या पावात मीठच घालत नाहीत. पहिल्या दिवशी वाटलं, बेकरीवाला विसरला. दोन दिवसांचा वाळका पाव, पांढऱ्या शेंगा, गडद हिरवी कोबीची पानं असं सगळं एकत्र शिजवून दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळतात, ते रिबोल्लिता. टोमॅटोत शिजवला की पाप्पा अल पोमोदोरो. भिजवून, पिळून, कांदा-काकडी-टोमॅटो घालून वर तेल आणि व्हिनेगर, की पान्झानेल्ला. आपल्या कुस्कऱ्याची आणि फोडणीच्या पोळीची ही चुलत भावंडं. फक्त इथे आपण तो पदार्थ पाहुण्यांसमोर ठेवायला लाजतो आणि तिथे त्याचे चौदा युरो घेतात. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन-तीन युरो असतात तेही सांगून ठेवतो, ते टेबलावर बसल्याचे, त्यावरून वेटरशी वाद घालू नये. कॉफी काउंटरपाशी उभ्याने घेतली तर स्वस्त, बसून घेतली तर महाग.

सिएनाकडे ‘पीची’ नावाचा जाड सुतळीसारखा पास्ता असतो. पीठ आणि पाणी, बस्. हातावर वळून एकेक दोरी करायची. आम्ही राहिलो त्या शेतावरच्या काकू संध्याकाळी ते करायला बसल्या की आमच्यातल्या एकाला आपल्या आजीच्या गव्हल्यांची आठवण यायची. शेवटी न राहवून मदतीला बसलो. काकूंना इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला इटालियन दहा-बारा शब्दांपलीकडे नाही, पण वळताना बोटं कशी चालतात हे पाहून त्यांनी दुसऱ्या दिवशी जास्तच पीठ मळून ठेवलं.

हे शेत सिएनाच्या आग्नेयेला, ‘क्रेते सेनेसी’ म्हणून मातीच्या उघड्या टेकड्यांचा मुलूख आहे, त्यात. मे महिन्यात टेकड्यांवर हिरवा गहू, मधे लाल खसखशीची फुलं आणि माथ्यावर सायप्रसच्या रांगा. कॅलेंडरवरचं चित्र असतं ना, अगदी तेच. तिथे दहा दिवस रोज सकाळी नऊ ते साडेबारा जलरंगांचा वर्ग. शिष्य आठ, साठीच्या आतला एकही नाही. मास्तरीणबाई सत्तरीच्या, हातात सदोदित एक फडकं, आणि बोलणं निम्मं इंग्रजी, निम्मं हातवारे.

पहिले दोन दिवस बाईंनी रंगाला हात लावू दिला नाही. एक पेन्सिल, एक कागद आणि पाच छटा, अगदी पांढऱ्यापासून अगदी काळ्यापर्यंत. ‘डोळे बारीक करा,’ असं त्या दिवसातून पन्नास वेळा म्हणायच्या. पापण्या मिटत आणल्या की पानं, कौलं, विटा दिसेनाशा होतात आणि उजेड-सावलीचे चार-पाच मोठे आकार तेवढे उरतात. ते आधी मांडा, म्हणे, बारकावे नंतर. वर्गातल्या सगळ्यांना हे जड जात होतं. आमच्या बिघडलेल्या डोळ्याला ते फुकटात येत होतं! मधल्या सुट्टीत बाईंनी तो कागद उचलून सगळ्यांना दाखवला. इंटरमिजिएटनंतर पन्नास वर्षांनी मिळालेली शाबासकी. दुसऱ्याच्या कागदाबद्दल बाई ‘धीर धरा’ एवढंच म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी रंग निघाले, तेही तीनच. निळा, पिवळसर माती आणि तांबूस माती. रॉ सिएना आणि बर्न्ट सिएना ही नावं आपल्या मुलांच्या क्रेयॉनच्या पेटीवरही वाचलेली होती, पण सिएना हे गाव आणि ही त्याची माती, हे डोक्यात कधी शिरलं नव्हतं. सिएनाच्या दक्षिणेला मोंते आमिआता डोंगर आहे, त्या परिसरातून ही माती काढत. तिच्यात लोखंडाचा गंज आणि थोडं मँगनीज. तशीच वाटली तर मधासारखा पिवळा रंग. भट्टीत भाजली की तिच्यातलं पाणी निघून जातं, गंजाचं रूप बदलतं आणि रंग तांबडा होतो. पिवळ्या मातीची वीट भाजून लाल होते ना, तेच. बाईंनी बशीत थोडी कोरडी भुकटी काढून दाखवली आणि आम्ही दोघांनी एकदमच म्हटलं, ‘गेरू!’

बाईंनी विचारलं, गेरू म्हणजे काय? मग सांगितलं, अंगणात सारवणावर गेरूचा चौकोन काढून त्यावर रांगोळी घालतात, कुंड्यांना लावतात, वारली चित्रांच्या मागे असतो. कोकणात आणि गोव्यात देवळांच्या भिंतींवर ओल्या चुन्यावर तांबडी काव लावून ती कोरून काढलेली चित्रं असतात तेही सांगितलं. यावर त्या फारच खूश झाल्या. कारण इटलीतल्या भित्तिचित्रांचा जीव याच दोन वस्तूंत आहे, चुना आणि माती. भिंतीला ओला चुन्याचा गिलावा द्यायचा आणि तो ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत दगड बनतो आणि रंग त्यात कायमचा अडकतो. गोंद नाही, तेल नाही. म्हणून एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा द्यायचा. त्या तुकड्याला ‘जोर्नाता’ म्हणतात, म्हणजे एक दिवसाचं काम. नीट पाहिलं तर जुन्या चित्रांत दिवसांचे सांधे दिसतात. आणि खालच्या थरावर कच्चं रेखाटन करायचं तेही तांबड्या मातीनेच.

अजिंठ्याचं तंत्र वेगळं, तिथे गिलावा वाळल्यावर रंग दिले आहेत, म्हणून ती चित्रं जास्त नाजूक. निजामाच्या सरकारने १९२० च्या सुमाराला ती वाचवण्यासाठी लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोघांना इटलीहूनच बोलावलं होतं. निखळणारे पोपडे त्यांनी पक्के केले, पण वर दिलेलं लाखेचं व्हार्निश पुढे पिवळं-काळं पडलं आणि ते काढायला नंतरच्या लोकांना पुष्कळ वर्षं लागली. बाईंना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी फडक्याने हात पुसले आणि म्हणाल्या, ‘आमची माणसं कुठे कुठे जाऊन काय काय करून येतात!’

सिएना शहरात दोनदा जाऊन आलो. पाच रस्त्यांनी शिरलं तरी पावलं शेवटी त्या शिंपल्यासारख्या उतरत्या चौकातच येतात. जुलैच्या २ आणि ऑगस्टच्या १६ तारखेला तिथे घोड्यांच्या शर्यती असतात, त्या गर्दीच्या दिवसांत आमच्या वयाच्या माणसांनी जाऊ नये. चौकातल्या नगरभवनात आंब्रोजो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये रंगवलेली एक खोली आहे. शहराचा कारभार पाहणारे नऊजण जिथे बैठकीला बसत, त्यांच्या डोळ्यांसमोर राहावं म्हणून एका भिंतीवर चांगल्या राज्यकारभाराचे परिणाम आणि दुसरीवर वाईट. चांगल्या बाजूला गवंडी काम करताहेत, मास्तर शिकवताहेत, चांभाराचं दुकान चालू आहे, पोरी नाचताहेत, वेशीबाहेर मळणी चालली आहे. आणि एक पांढऱ्या पट्ट्याचं काळं डुक्कर बाजाराला निघालं आहे. वाईट कारभाराची भिंत फार खराब झाली आहे. हे चित्र झाल्यावर नऊ-दहा वर्षांतच, १३४८ मध्ये, प्लेगने सिएना ओस पडली. लोरेन्झेत्तीही त्यातच गेला असं मानतात. तिथलं प्रचंड मोठं चर्च वाढवायला घेतलं होतं, ते आजही अर्धवट उभं आहे.

याच चौकातला मनोरा काढायला बाईंनी वर्ग नेला होता. सहावा दिवस. तासाभराने बाजूच्या कागदाकडे नजर गेली तर मनोऱ्याची उजवी कड मधेच आत वळलेली. काढणाऱ्याला ती सरळच वाटत होती. आमच्यातल्या ज्याला ते दिसलं त्याने काही म्हटलं नाही. जेवणात लक्ष नव्हतं. संध्याकाळी खोलीवर आल्यावर दोघांनीही एकाच वेळी बॅगेतला तो चौकटींचा कागद काढला. अॅम्सलर ग्रिड म्हणतात त्याला. मधल्या ठिपक्यावर नजर ठेवून, एक डोळा झाकून पाहायचं आणि रेघा वाकतात तिथे पेन्सिलीने खूण करायची. घरी फ्रिजवर असतो तो, रोज चहाबरोबर. फरक एकाएकी वाढला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, असा हुकूम आहे.

फोन मुलीचाच आला. तिला वाटतं आम्ही आवाज बदलला की तिला कळत नाही. तिलाही बरोबर कळतं. ‘आई-बाबा, काय झालंय ते सांगा. मी तिकिटं बदलते, दोघंही परत या.’ आम्ही म्हटलं, थांब, अजून पाहतोय. तीनदा पाहिलं, दिवा बदलून पाहिलं, जुन्या खुणांचा कागद शेजारी धरला. खुणा होत्या तिथेच होत्या. तरी क्लिनिकला फोन लावलाच. त्यांनी चार प्रश्न विचारले, रोज पाहत राहा म्हणाले, फरक पडला तर सिएनातल्याच हॉस्पिटलात जायला सांगितलं. उन्हात चार तास बसलेला डोळा दमला असणार. त्या रात्री झोप मात्र दोघांनाही लागली नाही. आपण दोघं नेमकं कशाला घाबरतो, ते त्या रात्री उघड बोलून झालं. तिकिटं बदलली नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ना कीव केली, ना डोस पाजले. मनोऱ्याचा कागद समोर धरून पाहिला आणि विचारलं, ‘सावली कुठे आहे?’ सावली राहूनच गेली होती. ती घालायला बसवलं.

शेवटचे चार दिवस पूर्वेला, तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. वाटेत आरेत्सो. तिथल्या सान फ्रांचेस्को चर्चमध्ये पिएरो देल्ला फ्रांचेस्काची भित्तिचित्रं आहेत, आत वेळ ठरवून सोडतात. त्यातल्या एका चित्रात रात्रीच्या तंबूत राजा झोपला आहे आणि उजेड वरून येतो आहे. पिएरो हा गणिती माणूस, चित्रातल्या यथार्थदर्शनावर त्याने ग्रंथ लिहिला. वाझारी सांगतो की म्हातारपणी तो आंधळा झाला. १४९२ साली, ऑक्टोबरात, आपल्या जन्मगावी सान्सेपोल्क्रोला तो वारला. हे आम्हाला ठाऊक असूनच तिथे गेलो होतो, हे वेगळं सांगायला नको.

सान्सेपोल्क्रोच्या म्युझियममध्ये त्याचं ‘पुनरुत्थान’ आहे. थडग्यातून येशू उठून उभा राहतो आहे, खाली चार शिपाई गाढ झोपलेले. त्यांतला एक म्हणजे पिएरो स्वतःच, असं म्हणतात. डावीकडची झाडं निष्पर्ण, उजवीकडची पालवलेली. १९४४ मध्ये जर्मन या गावात आहेत असं समजून ब्रिटिश तोफा गावावर रोखलेल्या होत्या. टोनी क्लार्क नावाच्या अधिकाऱ्याला आठवलं की आल्डस हक्सलीने एका लेखात जगातलं सर्वोत्तम म्हटलेलं चित्र याच गावात आहे. त्याने मारा थांबवला. गावात आता त्याच्या नावाचा रस्ता आहे.

या चित्रापुढे बाक आहे. त्यावर आम्ही तासभर बसलो. इथे वर्णन करून सांगायला लागलं नाही. आकार इतके मोठे, इतके स्वच्छ आहेत की धुरकट डोळ्यालाही ते पुरतात.

आणि त्याच १९४४ च्या जुलैत, याच खोऱ्यात, खाली तासाभराच्या आतल्या अंतरावर, आपली माणसं लढत होती. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे, रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे. वय बावीस. १० जुलैला त्यांच्या तुकडीतले सगळे मशिनगनच्या माऱ्यात पडले, एकटे घाडगे उरले. ते सरळ त्या मशिनगनवर चालून गेले. आधी हातबॉम्ब, मग टॉमीगन, आणि गोळ्या भरायला वेळ उरला नाही तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने. ठाणं मोकळं केलं आणि मग आडून आलेल्या गोळ्यांनी ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह सापडला नाही. नाव कासीनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे. पुढच्या एप्रिलात सेनियो नदीवर नामदेव जाधवांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते जिवंत परतले. आरेत्सोच्या युद्धस्मशानात बाराशेहून अधिक कबरी आहेत, त्यांत हिंदी सैनिकांच्याही पुष्कळ.

मोंतोने या डोंगरावरच्या चिमुकल्या गावात जुलै २०२३ मध्ये घाडग्यांचं स्मारक उभं राहिलं. स्मारक म्हणजे एक सूर्यघड्याळ. त्यावर लॅटिनमध्ये वाक्य आहे, अर्थ असा की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. आम्ही पोचलो तेव्हा अकरा वाजत होते. आसपास कोणी नव्हतं. १९९४ साली या खोऱ्याच्या हमरस्त्यावरून आमची बस गेली असणार, पण तेव्हा गाइडला हे माहीत नव्हतं आणि आम्हालाही. आमच्यातला एक पायरीवर बसला, पोस्टकार्डाएवढा कागद काढला आणि घड्याळाची सावली तेवढी रंगवली. बर्न्ट सिएनात थोडा निळा मिसळला की सावलीचा रंग होतो, असं बाईंनी शिकवलं होतं. चित्र पुरं होईतो सावली सरकली होती.

आता विचारणाऱ्यांसाठी दोन-चार कामाच्या गोष्टी. उफ्फिझी आणि दाविदची अकादेमिया सोमवारी बंद असतात, तिकिटं आधी काढा. सान मार्को दुपारी लवकर बंद होतं. अमेरिकन लायसन्सबरोबर इंटरनॅशनल परमिट घ्या, आणि जुन्या गावांच्या मधल्या भागात गाडी घालू नका, कॅमेरे असतात आणि दंडाची चिठ्ठी सावकाश घरी येते. ज्यांच्या घरी असा डोळ्यांचा आजार आहे त्यांनी तो चौकटींचा कागद बॅगेत टाकायला विसरू नये, आणि आपल्या डॉक्टरांचा फोन नंबर कागदावरही लिहून घ्यावा.

परतल्यावर चौथ्या दिवशी इंजेक्शन झालं. रेघा होत्या तेवढ्याच वाकड्या आहेत. डायनिंग टेबलाची खिडकीकडची बाजू आता जेवायला मिळत नाही, तिथे कागद वाळत असतात. सिएनाच्या दोन ट्यूबा आणल्या होत्या, एक कच्च्या मातीची आणि एक भाजलेल्या. भाजलेली संपत आली आहे.